पुढच्या खोलीतला तोमान

कुइन नदीकाठ, बंजरमासिन
जुम्म्याचा दिवस, नमाजेनंतर

परमपूज्य जुलाक,

अस्सलामु अलैकुम. तुमचा उजवा हात मनातल्या मनात हातात घेऊन कपाळाला लावतो आणि मगच पेन उचलतो. तुमचा खोकला ओसरला असेल, गुडघे पायऱ्या चढू देत असतील, आणि तुमचा तो एका डोळ्याचा कोंबडा अजूनही अख्ख्या मराबाहान गावाच्या आधी आरवून शेजाऱ्यांच्या शिव्या खात असेल, अशी आशा आहे. बारितो नदीचं पाणी यंदा तुमच्या पायरीला लागलं होतं असं होडीवाल्यांकडून कळलं. मी येऊन बघून जायला हवं होतं. आलो नाही, कारण (कारण पुढे सविस्तर येणार आहे, रागावण्याची घाई करू नका) मला घर सोडवत नव्हतं. वडील गेल्यापासून त्यांचे थोरले भाऊ या नात्याने माझ्यावर रागावण्याचं काम तुम्ही एकट्याने सांभाळलंत, त्यात कधी खंड पडू दिला नाहीत, याची मला जाणीव आहे. फोन करायचं मनात होतं. पण फोनवर तुम्ही लगेच "मुद्द्याचं बोल" म्हणता, आणि मुद्द्याचं बोललो की ठेवून देता. शिवाय या हकिगतीतला मुद्दा मासा आहे, आणि तुमच्या मते मासा हा बोलायचा विषयच नाही, तो कढईचा विषय आहे.

तर जुलाक, लेकीच्या, सलासियाच्या, मागणीच्या दिवशी मी भर मंडळीत काय बोललो ते तुमच्या कानावर आलं आहे. मराबाहानपर्यंत पोचायला त्या वाक्याला होडीपेक्षा कमी वेळ लागला म्हणे. बोललो हे खरं आहे. नाकबूल करत नाही. पण ते वाक्य तुमच्याकडे एकटंच आलं, त्याच्या आधीचं-नंतरचं काही बरोबर आलं नाही. ते मी पाठवतो.

सुरुवात टाकीपासून. माझा धंदा लग्नाचे मांडव, खुर्च्या आणि ताटं भाड्याने देण्याचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नदीपलीकडे एका जुन्या हॉटेलात माझ्या खुर्च्या नेहमी जायच्या. ते हॉटेल बंद झालं. त्याच्या पुढच्या दालनात काचेची एक टाकी होती, लांबीला छोट्या होडीएवढी आणि उंचीला माझ्या छातीपर्यंत. मालक म्हणाला, उचलेल त्याची. आता, माझ्याकडे मांडवाचे खांब उचलणारी माणसं आहेत. उचलता येतं म्हणून उचलली, जुलाक, दुसरा काही विचार त्यामागे नव्हता. दोन होड्या शेजारी शेजारी बांधल्या, वर फळ्या टाकल्या, त्यावर टाकी ठेवली. ती डुगडुगायला लागली तेव्हा कोणीतरी आत उभं राहून तोल सांभाळायला हवा असं ठरलं आणि (माणसं माझी, टाकी माझी) मीच आत शिरलो. दोन्ही काठांवर कपडे धुणाऱ्या बायकांनी मला काचेच्या पेटीत उभा राहून नदीतून जाताना पाहिलं. एकीने ओरडून विचारलं, "अर्बाइन, ताजा आहेस का?" ते हसू घरच्या धक्क्याला लागेपर्यंत कानात होतं.

दारात तुमची सून मस्तुरा उभी होती. तिची पहाट केतुपाताच्या विणलेल्या पानांत भात भरून उकडण्यात आणि मरळ भाजण्यात जाते, सकाळ तोच रस्सा-भात विकण्यात, आणि नंतर जे दोन घटका बसणं तिच्या वाट्याला येतं त्यातच मी टाकी घेऊन आलो. तिने टाकीभोवती एक फेरी मारली, काचेवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, "यात आता काय भिजत घालायचं?"

मासे, असं मी म्हणालो. म्हणालो आणि माझं मलाच ते पटलं.

मी बाजारात कोह आलियोंगच्या दुकानात गेलो. (तोच तो चिनी, ज्याच्या बापाकडून तुम्ही जाळी घ्यायचा. मुलगा आता जाळी विकत नाही, जाळ्यात न सापडलेले मासे विकतो.) मला हवे होते शोभेचे, लाल-पांढरे, झालर लावल्यासारख्या शेपटीचे. त्याने टाकीचं माप विचारलं. मी हात पसरून दाखवलं, पुरेना म्हणून दोन पावलं चाललो. त्याने हातातली चहाची वाटी खाली ठेवली. "अर्बाइन," तो म्हणाला, "फुटबॉलच्या मैदानात चिमणी सोडणार का तू? मोठ्या टाकीला मालक लागतो." आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेला.

जुलाक, त्या मागच्या खोलीबद्दल कसं सांगू? बाहेरच्या खोलीतले मासे आपण बघावेत म्हणून असतात. आतल्या खोलीतले आपल्याला बघत होते. एकेका टाकीत एकेकच, कारण दोन ठेवले की उद्या एकच उरतो. अंधार, पंपांची बुडबुड, आणि त्या अंधारात प्रत्येक काचेमागून एक डोळा सावकाश माझ्याबरोबर फिरत होता. मला आपोआप हात पुढे बांधून उभं राहावंसं वाटलं. कोह आलियोंग लग्न जुळवणाऱ्या बाईसारखे प्रश्न विचारत होता. घरात रागीट कोण? जेवताना कोण बोलतं? पाहुणे आवडतात का? मी म्हणालो, मासा मला हवाय, माझी सोयरीक करायची नाही. तो म्हणाला, "सोयरीकच आहे. हा आला की पंधरा वर्षं जात नाही. जावई तरी सणाला आपल्या घरी जातो."

पहिला दाखवला आरोवाना. अंगावर तांब्याच्या पत्र्यासारखे खवले, हनुवटीला दोन मिश्या, आणि पाण्याच्या वरच्या थरात असा फिरत होता की जणू खालचं पाणी नोकरांसाठी आहे. त्याच्या अंगात म्हणे ओळखीची चिप बसवलेली असते आणि बरोबर सरकारी दाखला मिळतो. माझ्या स्वतःच्या लग्नाचा दाखला कुठे आहे हे मला आज सांगता येणार नाही. त्याच्यासमोर मी इतका अवघडलो की भाव न विचारताच दोन पावलं मागे सरलो. रोज सकाळी उठून पुढच्या खोलीत आलं की आपला सारोंग नीट आहे ना हे बघावं लागेल, असा मासा घरात नको.

मग पट्टेरी वाघमासा. पिवळ्यावर काळे पट्टे, ऐटबाज. तो आणला. पहिला आठवडाभर मी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवला. पण त्याची एक खोड होती: मनाविरुद्ध काही झालं की तो पट्टे पुसून टाकतो आणि संबंध काळा पडतो. पंखा लावला, काळा. पंखा बंद केला, काळा. मस्तुराचा भाऊ आला की डोकं खाली करून कोपऱ्यात काळा ठिक्कर उभा राहायचा, तो गेला की हळूहळू पिवळा. (यात माशाची चूक आहे असं मी म्हणत नाही.) शेवटी मेव्हण्याच्या लक्षात आलं आणि घरात अबोला सुरू झाला. वाघमासा परत गेला.

त्यानंतर आणले तीन ऑस्कर. नाव परदेशी, रंग कोळशावर निखारे फुलल्यासारखा, भूक आमच्या मांडवात जेवणाऱ्या पंगतीला लाजवेल अशी. हे दिसले की सलासिया हसायची, कारण ते कुत्र्यासारखे काचेशी येऊन शेपूट हलवायचे आणि टाकीतला दगड जरी हलवला तरी रुसून आडवे पडायचे, मेल्यासारखे. पहिल्यांदा ते तिघे आडवे पडले तेव्हा मी रडायच्या बेतात होतो. मस्तुराने नुसतं खाऊ टाकलं, तिघे उठून बसले. ती म्हणाली, "हे मासे नाहीत, तुमच्याकडचे नातेवाईक आहेत." (तुम्ही सोडून, असं ती नंतर म्हणाली. नंतर म्हणजे हे पत्र लिहिताना, मी विचारल्यावर.) पण हे तिघे एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, कल्ले फुगवून तोंडात तोंड घालून ओढाताण करायचे, आणि मी समोर स्टुलावर बसून तासन्‌तास बघत राहायचो. धंद्याची माणसं आत येऊन विचारायची, मांडव कुठे टाकायचा, आणि मी हाताने थांबा म्हणायचो. मला वाटलं, मिळाले मालक.

आता मुख्य गोष्ट. मस्तुरा रोज पहाटे होड्यांच्या बाजारातून जिवंत मरळी आणते. एके दिवशी तिच्या टोपलीत मरळींबरोबर एक तोमान आला. तोमान म्हणजे मरळीचाच दांडगा चुलतभाऊ हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही त्याला गळाला लावून हातात भोकं पाडून घेतलेली आहेत. हा कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा होता. रश्श्याला त्या दिवशी मरळी पुरल्या. मस्तुरा म्हणाली, हा उद्यासाठी जिवंत राहू दे, आणि टोपली सरळ माझ्या टाकीत उलटी केली. मी ओरडलो. ती म्हणाली, "एका रात्रीचा पाहुणा आहे, तुमच्या लाडक्यांना काय खाणार आहे का?"

सकाळी टाकीत एक मासा होता.

मी काचेसमोर उभा राहिलो आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. खाली वाळूवर ऑस्करांचं काय उरलं होतं ते लिहीत नाही, तुम्ही जेवून उठला असाल. तोमान मध्यभागी होता. हलत नव्हता. नुसते छातीजवळचे पर पंख्यासारखे हळूहळू चालले होते. पाठ काळी-निळी, बाजूला एक शेंदरी पट्टा जळत जळत शेपटीपर्यंत गेलेला, जबडा असा मिटलेला की त्याला काही विचारायची हिंमत होऊ नये. त्याने माझ्याकडे पाहिलं. आरोवानाने पाहिलं होतं ते वरून खाली, ऑस्करांनी पाहिलं ते खायला मागत. याने पाहिलं ते सरळ, माझ्या डोळ्यांत. मग तो सावकाश वर आला, पाण्याबाहेर तोंड काढलं आणि श्वास घेतला. जुलाक, आपल्यासारखा श्वास. "गुप्प" असा आवाज झाला. लहानपणापासून मी हे मासे खातो. ते हवा घ्यायला वर येतात हे मला ठाऊक होतं, पण आपल्याच घरात, आपल्याच हवेतला एक घोट कोणीतरी हक्काने घेऊन पुन्हा खाली जातो हे कधी पाहिलं नव्हतं. कोह आलियोंगच्या मागच्या खोलीत इतक्या फेऱ्या मारून मी मासा निवडत होतो, आणि हा एका रात्रीत आला, घर बघितलं आणि पसंत केलं.

मस्तुरा विळी घेऊन आली. (तिचा हात तुम्हाला माहीत आहे, बोलता बोलता मरळ साफ करते, खाली बघतसुद्धा नाही.) तिने जाळीची पळी पाण्यात घातली. तोमान पळाला नाही. वळला, पळीसमोर आला आणि थांबला. तिनेही पहिल्यांदाच खाली बघितलं. किती वेळ दोघं तशीच होती कोण जाणे, चुलीवरचं नारळाचं दूध उतू गेल्याचा वास आला तरी ती हलली नाही. मग तिने पळी काढली, सारोंगला हात पुसले आणि म्हणाली, "आज रश्श्याला लहान घेते." त्या दिवसापासून रोज बाजारातून आली की ती पहिलं खाद्य त्याला घालते, आणि मग गिऱ्हाइकांना.

पुढे तो वाढला. किती वाढला हे विचारू नका, आता तो टाकीत वळतो तेव्हा पाणी काठावरून बाहेर येतं. वर जाड फळी आणि फळीवर दगड आहे, कारण एकदा त्याने उडी मारून पाल धरली. छपराची पाल, जुलाक. तो श्वास घ्यायला वर आला की घरात बोलणं थांबतं. कोणी ठरवलेलं नाही, आपोआप थांबतं. सलासिया म्हणते, आपण सगळे त्याच्याबरोबर श्वास घ्यायला लागलो आहोत.

आता सलासियाची मागणी. मुलगा हुमैदी, होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, हाताला नेहमी तेल, तोंडाला नेहमी हसू. औषधाच्या ज्या दुकानात सलासिया काम करते तिथे तो बोट कापल्याचं निमित्त करून इतक्या वेळा आला की तिने शेवटी विचारलं, तुम्हाला बोटं एकूण किती? मुलात खोट नाही. पण बाप हाजी जरकासी. मार्तापुराला हिऱ्यांना पैलू पाडतात. दगड डोळ्याशी धरून त्यातली खोट शोधायची हा त्यांचा जन्माचा धंदा, आणि तो ते दुकान बंद केल्यावरही चालू ठेवतात. थोरल्या मुलासाठी एका घरी गेले आणि चहा येण्याआधी उठले. दुसऱ्या घरी चहा घेऊन उठले. आमच्याकडे यायच्या आधीच त्यांनी म्हणे सांगून ठेवलं होतं की नदीवर खांबांवर उभ्या असलेल्या घरातली सून नको, खाली पाणी असलेल्या घरात माणसाचं मन थाऱ्यावर राहत नाही. सलासियाने दोन दिवस धड खाल्लं नव्हतं. हे मात्र मला मागाहून कळलं.

ते आले. त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या बायका, आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका, दोन्ही बाजूंनी यमक जुळवत मागणं आणि यमक जुळवत आढेवेढे, सगळं रीतसर चाललं होतं. मधे चटईवर गोड पदार्थांची ताटं मांडलेली. हाजी जरकासी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी छताकडे पाहिलं, खोट सापडली. पडद्याकडे पाहिलं, सापडली. माझ्याकडे पाहिलं, शोधावी लागली नाही. मला त्यांचे गुडघे उठायच्या तयारीत दिसत होते. आणि तेवढ्यात तोमान श्वास घ्यायला वर आला. गुप्प.

हाजींनी मान वळवली. उठले. आमच्या म्हातारीचं अर्धं यमक हवेतच राहिलं. ते टाकीपाशी गेले, कंबरेत वाकले आणि हिरा बघावा तसा एक डोळा मिटून दुसरा काचेला लावला. मी सांगायला तोंड उघडलं की एवढं जवळ नको, पण उशीर झाला होता. तोमानाने झेप घेतली. काचेवर असा आवाज झाला की नदीवरून जाणाऱ्या होडीने इंजिन बंद केलं. हाजी जरकासी मागच्या मागे गेले आणि चिकट भाताच्या वड्यांच्या ताटात बसले.

कोणी हसलं नाही. हुमैदीने डोळे मिटून घेतले. पडद्याआड सलासियाचं कांकण वाजलं ते ऐकू आलं. मला मुलीचं पुढचं सगळं आयुष्य त्या ताटात बसलेलं दिसलं.

हाजी उठले. मागे सारोंगला वड्या तशाच. ते बघितलं नाही, झटकल्या नाहीत. पुन्हा टाकीपाशी गेले, पहिल्यापेक्षा जवळ. तोमान तिथेच होता, काचेला जबडा लावून. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"हा या घरात कोणाचं ऐकतो?" त्यांनी न वळता विचारलं.

"कोणाचंच नाही," मी म्हणालो.

"छान." हे त्यांच्या तोंडून मार्तापुरात कोणी ऐकलेलं नाही असं हुमैदी नंतर म्हणाला. मग ते वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. तारीख काढा. ती आमच्याकडे येईल तेव्हा हाही येईल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जुलाक, मी इतकी लग्नं पाहिली आहेत. दर लग्नात मुलीचा बाप मांडवाच्या खांबाला धरून कुठेतरी उभा असतो, आणि मी दर वेळी मनात म्हणतो, अरे, एवढं काय? नुसतं हो म्हणायचं असतं. मी हो म्हणायला तोंड उघडलं. आणि बाहेर पडलं ते हे, खणखणीत आवाजात:

"मुलगी न्या. मासा देणार नाही."

तेच वाक्य जे तुम्हाला मिळालं. ते इथून निघालं.

हाजींनी टोपी नीट केली आणि वड्यांसकट निघून गेले. मागोमाग सगळे. पडदा बाजूला झाला आणि सलासिया बाहेर आली. मला वाटलं रडेल. तिचा चेहरा कोरडा होता. "अबाह," ती म्हणाली, "माझ्या वेळी तुमचा आवाज जरासुद्धा अडकला नाही." एवढंच बोलून ती आत गेली. मी स्टुलावर बसलो आणि पहिल्यांदा तोमानाकडे पाठ करून बसलो. मस्तुरा ताटं गोळा करत होती. चेपलेल्या वड्यांचं ताट उचलताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं 'नाही' चुकीच्या ठिकाणी बाहेर पडलं. जाऊन सांगा तिला." मी गेलो. दाराबाहेर उभा राहिलो. काय सांगायचं ते मला ठाऊक होतं, कसं सांगायचं ते ठाऊक नव्हतं. शेवटी म्हणालो, "त्यांनी एकदम दोघांना मागितलं. एकाला तरी नाही म्हणायला हवं होतं ना? तुझ्या लग्नाला नाही म्हणायचा मला हक्क नाही." मग दार उघडलं. ती हसत होती, नाक पुसत. म्हणाली, "म्हणजे मी जाते तेव्हा तुम्ही त्या माशाला धरून रडणार?" मी म्हणालो, त्याला धरता येत नाही, तो चावतो.

मार्तापुराहून काही निरोप येईना. हुमैदी यायचा, पण उतरलेल्या तोंडाने, आणि धक्क्यावरच बसून आमच्या होडीचं चांगलं चाललेलं इंजिन उघडून पुन्हा लावायचा. मी मनाशी ठरवलं की तोमान देऊन टाकायचा. खरंच ठरवलं होतं. टाकी रिकामी करायला माणसं बोलावली होती. त्या दिवशी जुम्म्याच्या नमाजेनंतर धक्क्याशी होडी लागली आणि तिच्यातून, खांबांवरच्या घराला नाकं मुरडणारे हाजी जरकासी एकटेच उतरले. हातात बादली, बादलीत जिवंत बेडूक. मला सलाम केला, आत आले, मस्तुराला म्हणाले, एक केतुपात वाढा, आणि माझ्या स्टुलावर जाऊन बसले. मी दुसरं स्टूल आणलं. त्यांनी फळी थोडी सरकवून एक बेडूक सोडला. पाणी फुटल्यासारखा आवाज झाला, आणि मग पुन्हा शांत. दोघांचेही सदरे भिजले. दोघांपैकी कोणी पुसलं नाही.

टाकीवरची नजर न काढता ते म्हणाले, "अर्बाइन, मी आयुष्यभर चमकणाऱ्या वस्तू बघत आलो. त्यातली एकही माझ्याकडे बघत नव्हती."

मी म्हणालो, "आणखी एक बेडूक सोडा."

त्यानंतर ते दर जुम्म्याला येतात. बोलत फारसं नाहीत. कधी म्हणतात, आज पट्टा जास्त शेंदरी आहे. मी म्हणतो, ढग आहेत म्हणून. मागच्या जुम्म्याला त्यांनी पाणी पिता पिता सांगितलं की ईदनंतरच्या महिन्यात लग्न करू, आणि हुमैदीची सगळी इंजिनं नदीवरच असल्यामुळे लग्नानंतर तो इथेच, आमच्याकडे राहील. सून मार्तापुराला नेण्याची काही जरुरी नाही. "मलाच इकडे यायला बरं पडतं," ते म्हणाले. मस्तुरा स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ काहीतरी उगाच ढवळत राहिली. मी बाहेर धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. सलासियाने मात्र तोमानासमोर जाऊन त्याला दोन्ही हात जोडून सलाम केला, आणि त्याने तिच्यावरही झेप घेतली. त्याच्या लेखी सगळी सारखीच.

हे असं आहे, जुलाक. आता तुम्ही काय रागवायचं ते रागवा, पण लग्नाला या. तुमची खुर्ची मी माझ्या हाताने मांडीन, भाड्यातली नाही, घरातली.

तुमचा आज्ञाधारक पुतण्या,
अर्बाइन

ता. क. — एक बारीकशी गोष्ट राहिली. टाकीतल्या पाण्याचं वजन मी कधी धरलंच नव्हतं. तोमान, टाकी, दोन स्टुलं आणि हाजी जरकासी (ते दिसतात त्याहून भारी आहेत) यांच्या खाली पुढच्या खोलीची जमीन वाकली आहे. परवा स्वयंपाकघरात पडलेलं लिंबू आपणहून टाकीपाशी जाऊन थांबलं. लग्नाची मंडळी त्याच जमिनीवर बसणार आहेत. तुमच्या घराखाली जुन्या कोठाराचे उलिन लाकडाचे खांब पडून आहेत, ते तुम्ही कशासाठी तरी राखून ठेवलेत हे मी जाणतो. कशासाठी ते तुम्हालाही आता आठवत नसेल. त्यातले सहा द्या. बदल्यात शब्द देतो की यापुढे या घरात मी आणखी एकही मासा येऊ देणार नाही.

ता. क. २ — पत्र घेऊन जो मुलगा तुमच्या दारात उभा आहे तोच हुमैदी. त्याच्याबरोबरची माणसं माझीच, मांडवाचे खांब उचलणारी. तुम्ही हे वाचेपर्यंत त्यांनी तुमच्या घराखाली उचलायला सुरुवात केलेली असेल, म्हणून वाचताना कृपया वरून ओरडू नका, हुमैदी बुजरा आहे. त्याला जेवायला घाला. मुलगा कसा वाटला ते कळवा.

ता. क. ३ — पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात हाजी जरकासी आले. आज बादली नाही, मोठं घमेलं आहे, वर फडकं बांधलेलं. म्हणतात, एकटा कंटाळत असेल बिचारा. मी आत काय आहे ते बघितलेलं नाही. पण कोणीतरी आतून फडकं वर उचलतंय, आणि टाकीतला तोमान काचेला लागून उभा आहे, कल्ले फुलवून, असा मी त्याला कधीच पाहिलेला नाही. मस्तुरा चूल सोडून आली आहे. सलासिया माझ्या खांद्यावरून बघते आहे. जुलाक, खांब आठ द्या.